अठरा इंच

आमच्या फ्लॅट स्कीमला लिफ्ट आहे. हे आधीच सांगते, कारण मला दवाखान्यातून घरी आणायचं ठरलं तेव्हा ज्याने त्याने हेच ऐकवलं होतं. "लिफ्ट आहे ना, मग काय टेन्शन!" लिफ्ट आहेच. पण पार्किंगमधून लिफ्टपाशी जायला तीन पायऱ्या आहेत, एकेक सहा इंचांची. नऊ वर्षं मी त्या रोज चढले-उतरले, हातात भाजीच्या पिशव्या घेऊन, कधी फोनवर बोलत. त्या तीन आहेत हे मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

डिसेंबर २०२१ मध्ये प्रतापनगरकडून घरी येताना गाडीसमोर डुक्कर आलं. (नागपूरबाहेरच्या लोकांना हे सांगितलं की ते आधी हसतात आणि मग ओशाळतात.) कमरेचा पहिला मणका, डॉक्टरांच्या भाषेत एल-वन, फुटला. ऑपरेशन झालं, फिजिओ झाली, आणि मार्चमध्ये मी व्हीलचेअरवर घरी आले. मधल्या तीन महिन्यांबद्दल इथे लिहीत नाही. तो वेगळा विषय आहे आणि मला फारसा आवडत नाही.

पहिलं वर्ष मला उचलून नेत. चौघं लागत: नवरा, वॉचमनभाऊ, पार्किंगमध्ये टेबल टाकून बसणारा इस्त्रीवाला आणि पहिल्या मजल्यावरचा इंजिनीअरिंगला असलेला मुलगा. चौघंही भले. एका हाकेला येत, कोणी कधी कुरकुर केली नाही. पण मला दहाला निघायचं असेल तर दहाला चौघंही मोकळे हवेत, आणि परत येईन तेव्हाही. नवरा आदल्या रात्रीच सगळ्यांना सांगून ठेवायचा. मी उद्या कुठे जाणार आहे हे माझ्या आईच्या आधी इस्त्रीवाल्याला माहीत असायचं.

एकदा उतरवताना त्या मुलाच्या हातात खुर्चीचा हातच आला. व्हीलचेअरचे हात बरेचदा काढता येणारे असतात, बाजूने पलंगावर सरकता यावं म्हणून. उचलताना कधीही हाताला धरायचं नसतं, खालच्या पक्क्या सांगाड्याला धरायचं. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. खुर्ची एका बाजूला कलली, माझं कोपर भिंतीवर खरवडलं, वॉचमनभाऊंनी सगळा भार अंगावर घेऊन सावरलं. मला फार लागलं नाही, पण तो मुलगा पांढराफटक पडला होता. त्यानंतर मी दिसले की तो फोन कानाला लावायचा. मला त्याचा राग आला नाही. मी फक्त बाहेर जाणं कमी केलं. आधी लग्नं सोडली, मग भिशी, मग फिजिओलाही "घरीच या ना" म्हणाले. चौघांना कशाला त्रास, असं मी म्हणायचे, आणि सगळे म्हणायचे की किती समजूतदार आहे.

खुर्चीचीही गोष्ट सांगायला हवी, कारण तिथे मी पैसे वाया घालवले. पहिली खुर्ची नवऱ्याने घाईत, दवाखान्याच्या समोरच्या दुकानातून आणली. घडीची, लोखंडी, बसायची जागा अठरा इंच रुंद. चाकं धरून बाहेरून सव्वीस इंच. आमच्या बाथरूमचं दार चौकटीच्या आतून पंचवीस. सुताराला बोलावून आम्ही चौकट काढली, भिंत खरवडली, टाइल्स फुटल्या, आणि तेव्हा कुठे अंगठे घासत मी आत जाऊ लागले. नंतर एका फिजिओताईंनी घरी येऊन टेप लावला तेव्हा कळलं की मला अठराची खुर्ची लागतच नव्हती. बसल्यावर कमरेची जितकी रुंदी असते, त्याहून जेमतेम इंचभर जास्त सीट हवी. मांडीखालची सीट गुडघ्याच्या मागे दोन बोटं अलीकडे थांबायला हवी. स्वतः चाकं फिरवणाऱ्याच्या खुर्चीची पाठ खांद्याच्या फऱ्याच्या खालीच संपायला हवी, नाहीतर हात मागे जात नाहीत. माझ्या मापाची सीट निघाली साडेपंधरा इंच. नवी खुर्ची बाहेरून पावणेचोवीस इंचांची आली आणि चौकट न काढताही आत गेली असती. मी दार मोठं करायला निघाले होते. खुर्ची लहान करायची, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

मापं घ्यायची सवय तेव्हापासून लागली. मी एका सीएकडे हिशेबाचं काम करते, आकड्यांशी माझं बरं जमतं. लिफ्टची आतली खोली चाळीस इंच, खुर्ची पायाच्या पाट्यांसकट बेचाळीस. म्हणून लिफ्टमध्ये शिरण्याआधी पाट्या काढून मांडीवर घ्यायच्या. आणि लिफ्टबाहेरच्या तीन पायऱ्या, अठरा इंच.

जानेवारी २०२३ मध्ये मी सोसायटीला रॅम्पसाठी अर्ज दिला. मीटिंग ठरली गच्चीवर, रविवारी सकाळी, उन्हात बसायला बरं म्हणून. आमची लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंतच आहे, पुढे जिना. रॅम्पच्या मीटिंगला मी जाऊ शकत नाही हे पहिल्यांदा माझ्या मुलीच्या लक्षात आलं आणि तिला इतकं हसू आलं की मलाही आलं. शेवटी व्हिडिओ कॉल केला. गच्चीवर उन्हाळ्याची वाट बघत ताडपत्रीखाली ठेवलेल्या कूलरांपैकी एकावर नवऱ्याने फोन टेकवून ठेवला, आणि मला दोन तास मुख्यतः खजिनदार काकांच्या चपला दिसल्या.

आक्षेप काय काय होते? तीन स्कूटरची जागा जाईल. पावसाचं पाणी साचेल. लहान मुलं सायकली घेऊन घसरगुंडी करतील. एंट्रन्सचा लूक जाईल (कुंड्या ठेवल्या आहेत दोन, त्यातलं एक झाड प्लॅस्टिकचं). खर्च सगळ्यांनी का द्यायचा? आणि सर्वांत प्रेमळ आक्षेप: "वहिनी, आम्ही आहोत ना उचलायला!" याला उत्तर देणं सर्वांत कठीण गेलं. प्रेमाने बोलणाऱ्याला नाही म्हटलं की आपण कृतघ्न ठरतो.

मी कायदा वाचून गेले होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चा. १९ एप्रिल २०१७ पासून लागू. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. हे सगळं मी फोनवरून जोरात सांगितलं. खजिनदार काका म्हणाले, "बिल्डिंग आपली २०१२ ची, कायदा २०१६ चा. मागून आलेला कायदा पुढच्याला कसा लागेल?" काका निवृत्त शिक्षक आहेत, त्यांचा बिनतोड बोलण्याचा सराव जुना. नंतर मी कलमं नीट वाचली. कलम ४४ नव्या बांधकामाची परवानगी सुगम्यतेच्या नियमांना बांधतं, कलम ४५ जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षांची मुदत देतं. आमची फ्लॅट स्कीम ना नवी, ना सार्वजनिक. काकांनी कलमं न वाचताच बरोबर फटीत बोट घातलं होतं.

ठराव कायद्याने पास झाला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्यांचे दोन्ही गुडघे बदलून झाले आहेत, त्या म्हणाल्या, "मला त्या पायऱ्या उतरताना रोज देव आठवतो, पण मी काही अर्ज करत नाही बसली." तेवढ्यात कोणाचं तरी लक्ष फोनखालच्या कूलरकडे गेलं. दरवर्षी मार्चमध्ये लोखंडी बॉडीचे कूलर गच्चीवरून खाली जातात, खस बदलून, मोटर दुरुस्त करून परत वर येतात, आणि दरवर्षी त्या तीन पायऱ्यांवर कोणाची तरी कंबर धरते. रॅम्प झाला तर कूलर ढकलत नेता येईल! मग फ्रिज आठवला, गॅसचं सिलिंडर आठवलं, पुण्याहून येणाऱ्या मुलांच्या चाकाच्या बॅगा आठवल्या. दहा मिनिटांत ठराव झाला. इतिवृत्तात लिहिलं आहे: "अवजड सामानाच्या सोयीसाठी व इतर वापरासाठी उतार बांधणे." इतर वापर म्हणजे मी. एक दिवस मला ते बोचलं. मग म्हटलं, होऊ द्या बाप्पा.

मिस्त्री आला, पायऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, काहून टेन्शन घेता? उद्या संध्याकाळी गाडी वर चढते तुमची." खरंच एका दिवसात त्याने सहा फुटांचा उतार केला, वरून गुळगुळीत घोटाई करून. स्कूटरची एकच जागा गेली म्हणून सगळे खूश. सिमेंट सुकल्यावर मी उतारावर गेले. दोन ढकलात पुढची छोटी चाकं हवेत गेली आणि मी मागे आडवी होऊ लागले. नवरा मागे होता म्हणून डोकं वाचलं. उतरायचा प्रयत्न केला तर चाकांच्या कड्या हातातून सुटल्या, आणि मी समोरच्या खांबाला थांबले.

"स्कूटर तर चढतात जी धडाधड," मिस्त्री म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं, स्कूटरला इंजिन असतं. हाताने चढायच्या उताराला एकास बाराचं प्रमाण लागतं, म्हणजे एक इंच चढायला एक फूट लांबी. अठरा इंचांना अठरा फूट. त्याने केला होता एकास चार. अठरा फूट म्हटल्यावर खजिनदार काकांनी हातच जोडले. अठरा फूट म्हणजे उतार थेट काकांच्याच गाडीच्या जागेत. त्या उतारावरून मार्चमध्ये कूलर मात्र मजेत उतरले. मला परत चौघं उचलू लागले, आता पायऱ्यांऐवजी उतारावरून, आणि ते जास्त धोक्याचं होतं कारण पाय घसरायचे.

याच उन्हाळ्यात आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. नागपुरात सिमेंट रस्त्याचं काय होतं ते सांगायला नको: जुना रस्ता फारसा न खोदता त्याच्यावरच नवा येतो, आणि रस्ता वर, घरं खाली. आमचं गेट रस्त्यापेक्षा जवळपास फूटभर खाली गेलं. सगळ्यांनी शिव्या दिल्या आणि विसरून गेले.

मग २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आली. चार तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदी लोकांच्या घरांत शिरली. नदीकाठच्या वस्त्यांचं जे झालं त्यापुढे आमचं काहीच नाही. आमच्या पार्किंगमध्ये मांडीभर पाणी होतं, तिन्ही पायऱ्या बुडाल्या, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी भरलं. लिफ्ट अकरा दिवस बंद. दुसऱ्या मजल्यावरून मला उचलून उतरवायचा विचारही कोणी केला नाही. काकूही वरच अडकल्या, चौथ्या मजल्यावरचे आजोबाही, आणि खजिनदार काकांचा पाय नेमका त्याच आठवड्यात मुरगळला. सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी कोणी ना कोणी विचारायचं, लिफ्ट कधी सुरू होणार? हे असं कसं चालणार? मी त्या अकरा दिवसांत एक अक्षर लिहिलं नाही. टाइप करून खोडलं मात्र पुष्कळदा.

पाणी पुन्हा येऊ नये म्हणून दिवाळीनंतर सोसायटीने मुरूम टाकून पार्किंग सहा इंच उचललं आणि वर गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक, बसवले. सहा इंच! सगळ्यात खालची पायरी गट्टूखाली गडप झाली. ज्या रस्त्याने आम्हाला बुडवलं त्यानेच माझी एक पायरी खाल्ली. उरले बारा इंच, म्हणजे बारा फूट. लिफ्टच्या भिंतीला लागून बारा फूट सरळ जागा होती आणि तिथे फक्त एक बिघडलेली सायकल नि दोन स्कूटर होत्या. गट्टूचं काम चालूच होतं, मजूर तिथेच, मुरूम तिथेच. मी त्याच आठवड्यात पुन्हा अर्ज टाकला. या वेळी मीटिंग पार्किंगमध्ये झाली, आणि सहा मिनिटांत संपली.

मिस्त्री तोच होता. मीच त्याला बोलवायला सांगितलं; पहिला उतार फोडताना तो माझ्यापेक्षा जास्त हळहळला होता. या वेळी मी जवळ बसून राहिले. त्याने पाण्याने भरलेली पारदर्शक नळी काढली, एक टोक लिफ्टच्या ओट्याला धरलं, दुसरं पोराच्या हातात देऊन बारा फुटांवर उभं केलं. दोन्हीकडचं पाणी डोलत डोलत थांबलं. त्या रेषेवर त्याने पेन्सिलची खूण केली आणि तिथून खाली टेपने मोजलं. सव्वाबारा इंच. "तुमचा पाव इंच कुठून आणू?" त्याने विचारलं. आम्ही उतार तीन इंच लांबवला. मग त्याने भिंतीवर निळा दोरा ताणून मारला, आणि त्या निळ्या रेषेकडे बघून म्हणाला, "हे तर काही चढच नाही वाटून राहिला, ताई." तेच हवं होतं.

घोटाई नको, असं मी आधीच बजावलं होतं. ओल्या सिमेंटवर त्याने खराटा आडवा फिरवला, बारीक रेघा उमटल्या, पावसात चाक धरतं त्याने. मोकळ्या बाजूला तीन इंचांची कड उचलली, चाक बाहेर जाऊ नये म्हणून. वर लिफ्टपुढे पाच फूट सपाट जागा, कारण उतारावर थांबून लिफ्टची जाळी ओढता येत नाही, खुर्ची मागे जाते. कठडा दोन उंचींवर: एक साधारण तीन फुटांवर काकूंसाठी, एक सव्वादोन फुटांच्या आसपास माझ्यासाठी. फॅब्रिकेशनवाल्याने पाईपाची टोकं सरळ कापून मोकळी सोडली होती, पहिल्याच दिवशी काकूंचा पदर अडकला. ती त्याने परत येऊन खाली वळवून दिली आणि त्याचे वेगळे पैसे घेतले. आठ दिवस बारदान टाकून पाणी मारलं. खर्च किती झाला ते लिहीत नाही, पण लिफ्टला पाणी शिरल्यावर जे बिल आलं त्याच्या पाव हिश्शातही नव्हता, हे खजिनदार काकांनीच हिशेबात लाल शाईने लिहिलं आहे.

जानेवारी २०२४. नवरा ऑफिसला, मुलगी कॉलेजला. मी कोणाला न सांगता खाली आले. पाट्या मांडीवरून काढून लावल्या, कड्यांवर तळवे हलके दाबत उतरले. इस्त्रीवाल्याने पाहिलं, इस्त्री बाजूला ठेवून उठला, मी हाताने बस म्हटलं. तो बसला नाही, पण आलाही नाही.

तिथून सुभाष नगर मेट्रो स्टेशन माझ्या हाताने पंचवीस मिनिटांवर आहे. फुटपाथचं नाव काढू नका, मी रस्त्यानेच जाते, उलट्या बाजूने, म्हणजे समोरून येणारा दिसतो. स्टेशनात लिफ्ट आहे, तिला पायऱ्या नाहीत. डब्याची आणि फलाटाची पातळी एक. सीताबर्डीला उतरले, काहीही काम नसताना मेन रोडच्या गर्दीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत फिरले. येताना तर्री पोहे बांधून घेतले आणि पार्सल मांडीवर ठेवलं.

ही चूक लिहून ठेवते, कोणाच्या उपयोगी पडेल. संध्याकाळी मुलीने कपडे बदलताना पाहिलं तर मांडीवर रुपयाएवढा फोड. मला काहीच कळलं नव्हतं, कळणारच नव्हतं; मांडीला संवेदनाच नाही. तो भरायला तीन आठवडे लागले आणि तेवढे दिवस बाहेर जाणं बंद. आता गरम काहीही मागच्या पिशवीत. दर वीस मिनिटांनी घड्याळ थरथरतं, तेव्हा हातांवर जोर देऊन अंग सीटवरून उचलायचं, नाहीतर बसल्या जागी जखम होते. मे महिन्यात हातमोजे लागतात. पंचेचाळीस डिग्रीत उभ्या केलेल्या खुर्चीच्या कड्या तव्यासारख्या तापतात.

गेटचं मात्र राहून गेलं. रस्त्याचं पाणी आत येऊ नये म्हणून सोसायटीने गेटवर सिमेंटचा बांध घातला आहे, तो चढून मग रस्त्याचा चढ. आतला डोंगर गेला आणि बाहेर टेकडी आली. तिथे मला अजून वॉचमनभाऊंचा हात लागतो. ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल दिला, की सुगम्यतेचे किमान नियम नुसती शिफारस असून चालणार नाही, ते सक्तीचे हवेत. मी तो निकाल खजिनदार काकांना फॉरवर्ड केला. त्यांनी अंगठा पाठवला आणि पाठोपाठ, "गेटचा एस्टिमेट घेऊन ठेवा."

नवा रॅम्प झाल्यावरचा पहिला मार्च. मला साडेदहाला निघायचं होतं. लिफ्टमधून बाहेर आले तर सपाट जागेवर एक कूलर, उतारावर दुसरा, आणि दोन्ही अडकलेले. खालचा कूलर तो इंजिनीअरिंगचा मुलगा धरून उभा होता, फोन दातांत.

"काकू, दोनच मिनिटं हं," तो म्हणाला.

"घ्या सावकाश," मी म्हटलं, आणि पाट्या लावायला घेतल्या. पंधरा मिनिटं लागली त्यांना.